खाजणातली चिलापी: ऑक्टोबरात क्षारता सांभाळा

पाऊस ओसरला की ठाणे खाडीचं पाणी पुन्हा खारट व्हायला लागतं. खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतली, तळी पावसाने गोडसर झालेली असतात, वर ऑक्टोबरचं ऊन, आणि उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) उघाडीतून, म्हणजे तळ्याच्या पाणदारातून, खाडी आत. ऐरोली-दिवाळे पट्ट्यातल्या तळेवाल्यांनी आत्ताच लक्ष घालावं.

चिलापी (तिलापिया मासा) खाऱ्यात जगते का? कोणती, ते आधी बघा. 1952 साली भारतात आणलेली मोझांबिक चिलापी समुद्राच्या 35 पीपीटीतही (हजार भाग पाण्यात 35 भाग मीठ) तगते. नाईल चिलापी आणि तिच्यातूनच निवडलेला गिफ्ट हा सुधारित वाण तेवढा चिवट नाही; क्षारता 10-15 पीपीटीच्या आतच ठेवा. गिफ्ट पाळायला शासनाची परवानगी लागते, ती आधी काढा. आपली कळुंदरही याच सिक्लिड कुळातली, मूळची निमखाऱ्यातली. वाढते सावकाश, पण खाजणात मी तरी तीच सोडेन. याच कुळातल्या शोभेच्या डिस्कस-एंजल माशांना खारं पाणी दाखवूही नका. मलावी सरोवरातल्या सिक्लिडना कठीण पाणी मानवतं, पण कठीण म्हणजे खारं नव्हे.

मासे मरतात ते बहुतेकदा घाईने. गोड्या पाण्यातला मासा एकदम खाऱ्यात पडला की त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. कल्ल्यातल्या पेशी मीठ आत घेण्याऐवजी बाहेर टाकायला लागतात, पण त्यांना थोडे दिवस हवेत. म्हणून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) टाकीत ठेवून रोज 2-3 पीपीटीनेच खारटपणा वाढवा. खाणं सोडलं, रंग काळवंडला, तर तिथेच थांबा.

मोजताना वरचं पाणी घेऊ नका. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. दगड बांधलेली बाटली बूच लावून तळाला सोडा आणि दोरीने बूच उपटा. रिफ्रॅक्टोमीटरच्या (क्षारता मोजायच्या दुर्बिणीसारख्या उपकरणाच्या) काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरा. निळं-पांढरं जिथे मिळतं तो आकडा. त्याआधी डिस्टिल्ड पाण्याने शून्य जुळवून घ्या. वर 5 आणि तळाला 15 निघालं, तर 5 वर विसंबून बीज सोडू नका.

उघाडी भांगाच्या, म्हणजे लहान, भरतीला थोडी थोडी उघडा, उधाणाला बंदच. खाऱ्या, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा पहाटे एअरेटर चालू हवा. उघाडीला जाळी मात्र बारीक लावा, चिलापी खाडीत सुटली की परत येत नाही. आणि तळं वाढवायचं म्हणून कांदळवनाला हात लावू नका, तो गुन्हा आहे.