चौकटीच्या वहीत चालणारा ग्लायडर

ग्लायडर म्हणजे ‘गेम ऑफ लाइफ’ या चौकटींच्या खेळातला, पिढ्यागणिक सरकत जाणारा पाच घरांचा आकार. नववीच्या मुलांकडून मी तो गणिताच्या चौकटीच्या वहीतच काढून घेते, संगणक नंतर. तीन बाय तीन घरांच्या चौकोनात पाच घरं रंगवा: वरच्या ओळीत मधलं, त्याखाली उजवं, त्याखाली तिन्ही. प्रत्येक घराचे आठही शेजारी मोजा, तिरके धरून. रंगीत घराला दोन किंवा तीन रंगीत शेजारी असतील तर ते टिकतं, नाहीतर पुसलं जातं. कोऱ्या घराला नेमके तीन असतील तर ते रंगतं. पुढची पिढी नव्या जागी काढा, जुन्यावर खाडाखोड नको. सगळी घरं एकदम बदलायला हवीत. अशा चार नव्या पिढ्या काढल्या की तोच आकार एक घर खाली, एक घर उजवीकडे सरकलेला दिसेल. गणितज्ञ जॉन कॉनवेच्या, १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या नियमांत ‘सरका’ असं कुठेच म्हटलेलं नाही! मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. असे ग्लायडर संदेशवाहक म्हणून वापरून आख्खा संगणक रचता येतो.