पाऊस ओसरला, आता विंच साफ करा: काळ्या मातीत राबणाऱ्या एटीव्ही (जाड टायरची चारचाकी बाइक) आणि जीपसाठी सल्ला

ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस परतला की काळ्या वावरातला गारा बघता बघता टणक होतो. विंचवर, म्हणजे मोटरने ड्रमवर दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रावर, बसलेला चिखलही तसाच वाळतो. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात शिवाररस्त्यावर रुतलेल्या ट्रॉल्या ओढून काढणारी १२ व्होल्टची विंच पावसाळाभर चिखलात राबते. तिचं खरं नुकसान होतं ते नंतर, गाडी शेडमध्ये उभी राहिल्यावर. सीलच्या आत ओल कोंडते, तांब्यावर हिरवट कळंक चढतो, दोराच्या पिळात बारीक माती बसून राहते. म्हणून दसऱ्याला गाडी धुऊन हार घालता, त्याच आठवड्यात विंचसाठी अर्धा दिवस काढा. एकदा कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी अंगावर आली की हे काम थेट पुढच्या जूनवर जातं, आणि तोवर मोटर जाम झालेली असते.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चावी खिशात ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. जोडताना क्रम उलटा: निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. हातात कातडी मोजे हवेतच, कारण तारेच्या दोरातली तुटलेली एक तार तळहात चिरायला पुरेशी असते.

धुणं

वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनची धार विंचवर मारू नका. मोटर आणि गिअरबॉक्सची सीलं वरून पडणाऱ्या पावसासाठी असतात, जोराच्या धारेसाठी नाहीत. आत गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही, कार्बन ब्रश आणि बेअरिंग खात बसतं. काळी माती वाळली की सिमेंटसारखी धरते, त्यामुळे आधी ओलं गोणपाट विंचवर अर्धा तास टाकून ठेवा. माती फुगून सुटली की बांबूच्या कामटीने खरवडा आणि नळीच्या साध्या धारेने धुवा. सोलेनॉइडच्या, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, डबीला आधी प्लास्टिकची पिशवी बांधा. डिझेलने पुसायची सवय अनेकांना आहे, ती सोडा. ओशटपणा राहतो आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर धुळीचा थर बसतो.

दोर

सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण माणसाला इजा होते ती दोरामुळे.

क्लच (ड्रमला गिअरशी जोडणारा दांडा) मोकळा करून पूर्ण दोर हाताने बाहेर ओढा. त्याआधी दोर ड्रमच्या खालून निघतो की वरून, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विंचचा ब्रेक एकाच दिशेने भार धरतो. दोर उलटा गुंडाळला गेला तर गाडी ओढताना विंच चालते, पण बटन सोडल्यावर ब्रेक धरत नाही.

तारेचा दोर असेल तर कोरड्या फडक्यात धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवा. फडकं अडकलं तिथे तार तुटलेली आहे. एकाच लडीत, पिळाच्या एका पूर्ण वळणात, तीन तारा तुटलेल्या दिसल्या तर दोर बदला. एखाद्या ठिकाणी घडी पडून दोर कायमचा वाकला असेल, किंवा पीळ सुटून पिंजऱ्यासारखा फुगला असेल, तर तुटलेल्या तारा मोजत बसू नका. तो दोर सरळ करून वापरता येत नाही, कारण वाकलेल्या जागी आतल्या तारा आधीच मेलेल्या असतात. गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने घासा आणि पातळ तेलाचा हात फिरवा. जाड ग्रीस लावू नका, त्यात माती चिकटून आतल्या तारा घासल्या जातात.

सिंथेटिक, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांचा, दोर हलका असतो, तुटला तरी तारेच्या दोराइतका झेप घेत नाही. म्हणून अलीकडे बरेच जण तो घेतात. पण काळ्या मातीचे बारीक कण त्याच्या विणीत शिरतात आणि प्रत्येक ओढीला आतून धागे कापतात. बाहेरून दोर चांगला दिसतो, हाताला मात्र कडक लागतो. बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे साधी साबण पावडर टाकून दोर तासभर भिजवा, विणीच्या उलट दिशेने दाबत चोळा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळखळा. केळीचा चीक लागलेला असेल तर दुसरं पाणी घ्या. वाळवायचा तो सावलीत. आपल्याकडच्या उन्हाने या दोराचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.

ड्रमजवळची शेवटची पाच-सहा वळणं डोळ्यांजवळ धरून बघा. तिथे धागे चकाकतात का, एकमेकांना चिकटलेत का? असेल तर दोर उष्णतेने भाजला आहे. छोट्या विंचचा ब्रेक बहुधा ड्रमच्या आतच असतो, आणि भार लावून दोर सोडत गेलं की तो ब्रेक तापतो. हा दोर साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतो, ताकद मात्र ८० अंशांच्या आसपासच घटायला लागते. सातपुड्याच्या पायथ्याला उतारावरून गाडी विंचने हळूहळू खाली सोडणाऱ्यांनी याची खास काळजी घ्यावी: थोडं सोडा, थांबा, ड्रमला हात लावून बघा.

दोर ज्यांच्यामधून बाहेर येतो ते पुढचे रोलर हाताने फिरवा. एखादा जाम असेल तर दोर त्याच जागी घासून खाच पाडतो. जाम रोलरची पिन काढून धुवा, पिनेला हलकं ग्रीस लावा. तारेच्या दोराने खाचा पडलेल्या रोलरवर नवा सिंथेटिक दोर कधीही चढवू नका. त्या खाचांची धार दोर कापते. रोलर बदला किंवा सिंथेटिक दोरासाठी मिळणारी गुळगुळीत ॲल्युमिनियमची पट्टी लावा. हुकची जीभ स्प्रिंगने पूर्ण मिटते का आणि हुकचं तोंड फाकलंय का, एवढं बघितलं की हा भाग झाला.

वायरिंग

विंच ‘अशक्त’ झाली अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते, दोष जोडणीत सापडतो. छोटी विंच पूर्ण भाराला १०० अँपिअरच्या पुढे करंट घेते. एका ढिल्या किंवा कळंक चढलेल्या टर्मिनलवर फक्त ०.०१ ओहम रोध असला तरी १०० अँपिअरला तिथे १ व्होल्ट जातो आणि १०० वॉटची उष्णता तयार होते. प्लास्टिक वितळतं, केबलच्या टोकाचं थिंबल काळं पडतं आणि मोटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतच नाही.

बॅटरी, सोलेनॉइड आणि मोटर या तिन्ही ठिकाणची टर्मिनलं सोडा. पॉलिश पेपरने तांबं चमकेपर्यंत घासा. बॅटरीवर पांढरी बुरशी असेल तर पेलाभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. सेलच्या झाकणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. नट घट्ट केल्यावर, आधी नाही, वरून व्हॅसलीन लावा. केबल बदलायची वेळ आली तर छोट्या विंचला १६ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि जीपच्या मोठ्या विंचला ३५ ची केबल घ्या. घरातली उरलेली वायर दुपदरी करून भागवू नका.

मग मल्टीमीटर लावा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२ म्हणजे जवळपास रिकामी. उतरलेल्या बॅटरीवर विंच रेटली की सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट ठिणग्या टाकत चिकटतात, आणि बटन सोडलं तरी विंच ओढतच राहते. हा सगळ्यात भयंकर बिघाड आहे. त्यासाठी पॉझिटिव्ह केबलवर, हाताला पटकन लागेल अशा जागी, मेन कट-ऑफ स्विच बसवून घ्या आणि तो कुठे आहे हे सालदारालाही दाखवून ठेवा.

गिअरबॉक्स

विनाकारण उघडू नका. आवाज नेहमीसारखा असेल आणि सीलमधून ग्रीस गळत नसेल तर आत हात घालायची गरज नाही. उघडायचाच झाला तर पुस्तिकेत सांगितलेलंच ग्रीस आणि तेवढंच भरा. जास्तीचं ग्रीस ब्रेकच्या पट्ट्यांवर गेलं की ब्रेक सरकतो. क्लचचा दांडा पाच-सात वेळा फिरवून मोकळा करा. विंच बसवलेले बोल्ट पान्याने तपासा. एखादा हरवला असेल तर मजबुतीच्या ८.८ ग्रेडचाच आणा.

पुन्हा गुंडाळणं

ढिला गुंडाळलेला दोर पुढच्या जोराच्या ओढीत खालच्या थरात घुसून अडकतो. हुक मोठ्या झाडाच्या बुंध्याला रुंद पट्ट्याने अडकवा, गाडी न्यूट्रलमध्ये हलक्या चढावर ठेवा आणि ती स्वतःच्या वजनाने ताण देत वर येईल असा दोर भरा. वळणं एकमेकांना चिकटून यायला हवीत. इंजिन चालू ठेवा. ताणलेल्या दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका. त्या दोराला हात लावायचा नाही, ओलांडायचं तर मुळीच नाही.

पुढे काम करतानाही तारेच्या दोराची किमान पाच आणि सिंथेटिकची आठ ते दहा वळणं ड्रमवर राहू द्या. विंचवर लिहिलेली ताकद पहिल्या थराची असते. वरच्या थरावर ती कमी होत जाते. ट्रॉली जड असेल तर दोर जास्त बाहेर काढा, किंवा कप्पी लावून दुहेरी करा. वेग निम्मा होतो, ओढ जवळपास दुप्पट मिळते. मिनिटभर ओढून काही मिनिटं थांबा आणि मोटरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबायची वेळ लांबवा.

हे गुंडाळणं आणि ओढणं कापसाच्या ढिगाजवळ करू नका. घराच्या पडवीत किंवा शेडमध्ये वेचलेला कापूस साठवलेला असतो आणि टर्मिनलची एक ठिणगी पुरते.

बिघाड ओळखताना

सोलेनॉइड टक् वाजतं पण मोटर फिरत नाही: बॅटरी उतरलेली किंवा कॉन्टॅक्ट जळालेले. टक् आवाजच नाही: फ्यूज, रिमोटची वायर किंवा बटन. एकाच दिशेने चालते: बटन किंवा सोलेनॉइडची एक बाजू गेलेली. मोटर फिरते, ड्रम फिरत नाही: क्लच पूर्ण बसलेला नाही, बसवूनही तसंच असेल तर गिअर तुटला. मोटर गुणगुणते आणि जळका वास येतो: लगेच बंद करा, आत पाणी आहे किंवा ब्रश अडकलेत. ती मोटर वाइंडरकडे न्या, पुन्हा पुन्हा बटन दाबून बघू नका.

ठेवताना

विंचवर जाड कापडाचं आवरण घाला. प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर आत घाम धरतो. धान्य आणि सरकी असलेल्या शेडमध्ये उंदीर वायर कुरतडतात, म्हणून केबल लवचीक पाइपातून न्या आणि महिन्याला एकदा नजर टाका. त्याच दिवशी इंजिन चालू करून दोर चार-पाच मीटर सोडा आणि पुन्हा भरा. मोटर थोडी तापते, आतली ओल उडते आणि ब्रश मोकळे राहतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी बाहेर उभी राहणार असेल तर सिंथेटिक दोर ड्रमवरून काढून घरात टांगून ठेवा, आणि मृगाआधी पुन्हा चढवा.