सोसायटीचे बोअर: आधी पातळी मोजा, मग पंप चालवा

पुण्याखाली दख्खनचा काळा कातळ आहे. त्यात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि कातळाच्या सांध्याभेगांत. म्हणून जास्त खोल गेले की जास्त पाणी लागते, हा हिशेब इथे फसतो. शेजारचे नवे बोअर अनेकदा तुमच्याच भेगेतून उपसत असते.

पंप दुरुस्तीला वर काढाल तेव्हा पाइपाला लागून पाऊण इंची पीव्हीसी नळी खाली सोडून घ्या. रात्रभर पंप बंद ठेवून सकाळी नळीतून टेप सोडा. ही स्थिर पातळी. मग पंप लावून 5, 15, 30 आणि 60 मिनिटांनी पुन्हा मोजा. 200 लिटरचे पिंप 100 सेकंदांत भरले, तर उपसा ताशी 7,200 लिटर. पण ही पंपाची ताकद झाली, बोअरची आवक नव्हे. तासाभरानंतरही पातळी खाली सरकतच असेल, तर उपसा आवकेपेक्षा जास्त आहे: व्हॉल्व्ह थोडा आवळा, तास कमी करा. पातळी सकाळच्या खुणेजवळ परतल्याशिवाय पुन्हा पंप लावू नका. कोरडा चालला की सबमर्सिबल जळतोच, कारण त्याची मोटर पाण्यानेच थंड राहते. मे आणि ऑक्टोबरची स्थिर पातळी दरवर्षी वहीत लिहा. दोन-तीन पावसाळ्यांनंतरही ऑक्टोबरचा आकडा खोलच जात असेल, तर ते उधारीचे पाणी आहे.

तपासणीसाठी 15 मिनिटे पंप चालवून मगच नमुना घ्या. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरा आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत चालतात. नायट्रेटला मात्र 45 च्या वर सवलत नाही. नायट्रेट, क्लोराइड आणि ई. कोलाय (मैल्यातले जंतू) एकदम वाढले, तर आधी ड्रेनेजची गळती शोधा. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. क्लोरीनचाही त्यावर उपयोग नाही.

गळती बंद झाल्यावर बोअर निर्जंतुक करा. 6 इंची बोअरमध्ये 60 मीटर पाणी उभे असेल, तर ते सुमारे 1,100 लिटर. लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीनसाठी 33 टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर 165 ग्रॅम लागते. बादलीत कालवून निवळ ओता, 12 तास थांबा, वास जाईपर्यंत पाणी बाहेर सोडा. ते टाकीत घेऊ नका. आठवड्याने पुन्हा नमुना तपासा.

पुनर्भरणासाठी 500 चौरस मीटर गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर वाया जाणारे वगळून सुमारे 2,80,000 लिटर मिळते. प्रत्येक मोठ्या खंडानंतरचे पहिले 2 मिलिमीटर, म्हणजे 1,000 लिटर, बाहेर सोडा. उरलेले वाळू-खडीच्या गाळणीतून शोषखड्ड्यात न्या. पार्किंगचे पाणी बोअरमध्ये कधीच सोडू नका: त्यातले तेल भेगांत शिरले की परत काढता येत नाही.