सोव्हिएत गोष्टींच्या पुस्तकातली खोली आपल्या घरात कशी उतरवायची

मॉस्कोहून मराठीत छापून आलेली गोष्टींची पुस्तकं अनेक घरांत अजून जपून ठेवलेली असतात. प्रगती आणि नंतर रादुगा प्रकाशनानं ती काढली, लोकवाङ्मय गृहानं इथं विकली. त्यांतले म्हातारा-म्हातारी, कोल्हा, अस्वल ज्या लाकडी घरात राहतात त्या घराला रशियात ‘इझ्बा’ म्हणतात. जुन्या धाटणीची सजावट करायची असेल तर ही चित्रं भरवशाची आहेत, कारण या परंपरेतल्या चित्रकारांनी खरी घरं आणि खऱ्या वस्तू पाहिल्या होत्या. इवान बिलीबिन 1902 ते 1904 या काळात वोलोग्दा, अर्खांगेल्स्क अशा उत्तरेकडच्या प्रांतांत हिंडले आणि लाकडी घरांचे फोटो, भरतकामाचे नमुने त्यांनी गोळा केले. युरी वास्नेत्सोव मूळचे रशियातल्या व्यात्का शहराचे. तिथल्या दिम्कोवो मातीच्या खेळण्यांवरचे ठिपके आणि चौकडी त्यांच्या चित्रांत सरळ दिसतात.

पहिलं काम म्हणजे एकच पान निवडणं. घराच्या आतलं चित्र घ्या, ज्यात भिंत, खिडकी, जमीन आणि निदान एक कापड दिसतंय. दोन चित्रकारांची पानं मिसळू नका. बिलीबिनचे रंग सपाट आणि दबलेले, भोवती काळी रेघ. वास्नेत्सोव यांच्याकडे अख्खी पार्श्वभूमीच पिवळी किंवा गुलाबी असते. दोन्ही एका खोलीत आणली की काहीच ठरवून केल्यासारखं वाटत नाही. घरात पुस्तक नसेल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर यांतल्या बऱ्याच मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत.

आता त्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून उभे दहा, आडवे दहा असे शंभर चौकोन आखा आणि कोणता रंग किती चौकोनांत येतो ते मोजा. हा अर्धा तास टाळू नका. रशियन चित्र म्हटलं की डोक्यात लाल रंग येतो, पण मोजल्यावर तो बहुधा थोड्याच चौकोनांत निघतो. बाकी बहुतेक लाकडाचा मधासारखा तपकिरी आणि चुन्याचा पांढरा. लाल सोफा, लाल पडदे आणि लाल गालिचा एकदम आणणारे इथेच फसतात. आपल्या खोलीतही लाल तेवढाच ठेवा: एक उशी, टॉवेलची किनार, एखादं भांडं.

रंग उचलताना जुना कागद पिवळा पडलेला असतो हे विसरू नका. पानाचा फोटो खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद ठेवून काढा. फोनमध्ये व्हाइट बॅलन्स लावताना पानाचा कोरा समास पांढरा म्हणून दाखवा, मग रंग खऱ्याच्या जवळ येतात. तरी पडद्यावरच्या रंगावर डबा मिक्स करून घेऊ नका. शेड कार्ड प्रत्यक्ष पानाशेजारी धरून तीन जवळचे नंबर निवडा, लहान डबे आणा आणि भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचे पट्टे मारून सकाळी आणि रात्री बघा. 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली पिवडीचा (पिवळ्या मातीचा) रंग नारिंगीकडे झुकतो आणि निळा मळकट दिसतो.

चित्रातली ओंडक्यांची भिंत फ्लॅटमध्ये चारही बाजूंनी रंगवली तर खोली अंधारी होते. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पिवडी-तपकिरी आणि वर पांढरा हे पुरेसं आहे. खराखुरा चुना लावायचा असेल तर आधीचा प्लास्टिक इमल्शन गिलाव्यापर्यंत खरवडावा लागतो, नाहीतर चुना धरत नाही आणि पापुद्रे सुटतात. चुन्यात पिवडी किंवा काव मिसळताना रंगाचं वजन चुन्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. त्याहून जास्त झालं की भिंतीला पाठ टेकली तरी रंग कपड्याला लागतो. रंगाचा ओला हात बराच गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका होतो, म्हणून पहिल्या हातावर निर्णय घेऊ नका.

सगळ्यात जास्त परिणाम साधते ती खिडकीभोवतीची कोरीव चौकट, ‘नालिचनिक’. मुळात ती बाहेरच्या बाजूनं असते आणि ओंडक्यांची भिंत व खिडकी यांतली फट झाकून वारा अडवते. आपण ती आतून, खिडकीभोवती किंवा मोठ्या आरशाभोवती लावू शकतो. चार बाय चार फुटांच्या खिडकीला बाजूच्या पट्ट्या चार इंच, खालची पाच आणि वरची नऊ ते दहा इंच रुंद ठेवा. वरची पट्टी मोठी असणं हेच या चौकटीचं रूप आहे. चारी बाजू सारख्या केल्या की ती साधी फोटोफ्रेम होते. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून वरच्या पट्टीएवढी लांबी करा, मध्यात घडी घाला, चित्रातला अर्धा सूर्य आणि खालची दातेरी कड अर्ध्यावर काढा आणि कापा. उलगडल्यावर दोन्ही बाजू सारख्या येतात. कागद खिडकीवर चिकटवून एक दिवस राहू द्या. नक्षी फार बारीक झाली असेल तर लांबून लगेच कळतं.

सामान 12 मिलिमीटरचा मरीन प्लाय. साधा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कडांना फुगतो. पीव्हीसी फोम बोर्ड फुगत नाही आणि हलका असतो, पण त्याला 220 नंबरचा पॉलिश पेपर मारल्याशिवाय रंग धरत नाही. नक्षीच्या दोन भोकांच्या मध्ये निदान 12 मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवा, नाहीतर कापतानाच तुकडा उडतो. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापयंत्रावर) कापून घेणार असाल तर भोकं गोल किंवा थेंबाच्या आकाराची काढा, कारण सहा मिलिमीटरच्या बिटानं आतले कोपरे टोकदार निघत नाहीत. कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या आणि रंगही बसवण्याआधीच पूर्ण करा. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत स्क्रू मारू नका. चौकटीपासून एक सेंटिमीटर सोडून भिंतीत प्लग ठोका, दर दीड फुटावर एक, आणि आधी आतली वायरिंग कुठून गेली आहे ते बघून घ्या.

कापडात दोन गोष्टी पुरतात. एक अर्धा पडदा: खिडकीच्या खालच्या निम्म्या भागाला, दांडीच्या दीडपट रुंदीचा, मांजरपाटाचा, खाली क्रोशाची लेस. मांजरपाट आटतो, म्हणून बेतण्याआधी धुऊन वाळवा. दुसरा भरलेला टॉवेल, ‘रुश्निक’. दोन मीटर लांब, साधारण पंधरा इंच रुंद, मधला भाग कोरा आणि दोन्ही टोकांना दहा-बारा इंच लाल भरतकाम. इझ्बात तो देवाच्या तसबिरीवर टाकलेला असे आणि त्या कोपऱ्याला घरात मान असे, म्हणून त्याचं स्वयंपाकघरातलं फडकं करू नये. तसबिरीवर किंवा आरशावर टाकून दोन्ही टोकं सारखी सोडा. लाल दोरा भरण्याआधी ओला करून पांढऱ्या कापडात दाबून पाहा. डाग उठला तर तो दोरा वापरू नका. पलंगावर टाकायला आपली जुन्या साड्यांची गोधडी चालते, फक्त तिचे तुकडे पानावरच्या तीन-चार रंगांतलेच निवडा.

खोख्लोमा या रशियन लाकडी रंगकामाच्या काळ्या-लाल-सोनेरी वाट्या-चमच्यांची नक्कल घरी करताना सोनेरी रंगाचा हात जपून मारा. खऱ्या वस्तूत सोनं नसतंच: लाकडावर अॅल्युमिनियमची पूड चोळतात, वर रंगकाम आणि लाखेसारखं वॉर्निश, आणि भट्टीच्या उष्णतेनं ते वॉर्निश पिवळसर होऊन चांदीचा रंग सोनेरी दिसतो. त्यामुळे ती चमक आतून येते. घरी रुपेरी थर देऊन वर पिवळसर पारदर्शक वॉर्निश मारलं तर सोनेरी डब्यापेक्षा खूप जवळ जाता येतं. अशी भांडी शोभेलाच ठेवा, त्यांत खायला वाढू नका.

इझ्बातली घर गरम ठेवणारी पांढरी भली मोठी भट्टी मात्र हुबेहूब करायला जाऊ नका. चित्रात तिचं काम म्हणजे तपकिरी खोलीत एक पांढरा, जड कोपरा. ते काम छतापर्यंतचं पांढरं, हँडल नसलेलं कपाट करतं. त्यात एक-दोन उघडे कोनाडे ठेवले तर भट्टीतल्या हातमोजे वाळवायच्या कोनाड्यांची आठवण होते. खिडकीतलं लाल जिरेनियम महाबळेश्वरला छान वाढतं, पण मुंबईच्या दमट उन्हाळ्यात आणि पावसात टिकवणं अवघड. तिथं लाल सदाफुली लावा, आठ इंची मातीच्या कुंडीत, आणि कुंडी अर्ध्या पडद्याच्या दांडीपेक्षा वर येणार नाही अशी बसवा.