रानबेगोनियाची जात कशी ओळखावी

घाटात पावसाने जोर धरला की रस्त्याकडेच्या ठिबकत्या कातळावर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे छोटे छोटे झुबके दिसायला लागतात. लोक फुलाचा समोरून एक फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि विचारतात, "हे काय?" लगेच उत्तर येतं, "बेगोनिया". तेवढ्यावर समाधान होत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण बेगोनियाच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातली ही कोणती, हे समोरून काढलेला फोटो सहसा सांगू शकत नाही. खरी माहिती फुलाच्या पाठीमागे असते.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत नेहमी भेटणारी जात म्हणजे बेगोनिया क्रेनाटा. उदाहरणासाठी तिलाच घेऊ. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, नवं कोरं ब्लेड, मिलिमीटरची पट्टी आणि वही ठेवा. पेन्सिलही घ्या, कारण पेनची शाई पावसात टिकत नाही.

१. वेळ आणि जागा

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जा. माथेरान, लोणावळा-खंडाळा, महाबळेश्वर, आंबोली, यांपैकी जवळ असेल ते ठिकाण निवडा. ऊन थेट पोचत नाही अशी उभी, शेवाळलेली, पाझरती भिंत शोधा. किल्ल्यांच्या जुन्या तटबंदीतही ही झाडं उगवतात. पाऊस सरला की पानं गळून जातात आणि कातळाच्या फटीत फक्त कंद उरतो. त्यामुळे दिवाळीनंतर गेलात तर हाती काही लागणार नाही.

२. बेगोनियाच आहे ना?

पान मधल्या शिरेवर दुमडून बघा. दोन अर्धे एकमेकांवर बसत नाहीत. एक बाजू मोठी, एक लहान, आणि देठाजवळ तिरकस. ही बेगोनियाची सगळ्यांना माहीत असलेली खूण, पण ती एकटी पुरेशी नाही. त्याच ओल्या भिंतीवर ऱ्हिंकोग्लॉसम नावाची निळ्या फुलांची वनस्पती वाढते आणि तिचंही पान असंच तिरकं असतं. फुलं यायच्या आधी या दोघांत हमखास गल्लत होते. म्हणून शिरा बघा. बेगोनियाच्या मुख्य शिरा पान जिथे देठाला जोडलेलं असतं त्या एका बिंदूतून पंख्यासारख्या पसरतात. ऱ्हिंकोग्लॉसममध्ये बाजूच्या शिरा मधल्या शिरेतून एकेक करून फुटतात. शिवाय बेगोनियाचं खोड आणि देठ रसाळ असतात आणि देठाच्या बुडाशी उपपर्णांची, म्हणजे पानासारख्या छोट्या पात्यांची, जोडी असते.

या रसाला ऑक्झॅलिक आम्लामुळे आंबट चव असते. तरीही जंगलात चव घेऊन झाड ओळखायच्या फंदात पडू नका.

३. नर आणि मादी वेगळे करा

एकाच झाडावर दोन्ही फुलं येतात, पण नर वेगळं आणि मादी वेगळं. समोरून दोन्ही इतकी सारखी दिसतात की मधमाशीही फसते. तिच्या फसण्यावरच सगळा खेळ आहे. नरफुलात पिवळ्या केसरदलांचा, म्हणजे पराग धरणाऱ्या तंतूंचा, गुच्छ असतो आणि माशी परागासाठी येते. मादीफुलाकडे द्यायला ना पराग ना मध. तिथे असतात पिळदार, पिवळी किंजल्कं, म्हणजे पराग टिपणारी टोकं, लांबून अगदी केसरदलांसारखी. माशी चुकून उतरते, अंगावरचा पराग ठेवते आणि रिकाम्या हाताने जाते.

आपण मात्र फूल उलटं करायचं. मागे नुसता देठ असेल तर नर. तीन पंख असलेलं हिरवं किंजपुट, म्हणजे पुढे ज्याचं फळ होतं तो भाग, असेल तर मादी. फोटो काढायचा तो याच बाजूने.

नरफुलात पाकळ्यांसारखी परिदलं किती, ते मोजून लिहा. क्रेनाटात चार असतात, दोन मोठी आणि दोन लहान. कर्नाटक-केरळच्या घाटांत भेटणाऱ्या, झुडपासारख्या वाढणाऱ्या बेगोनिया मलबारिकाच्या नरफुलात दोनच. मादीफुलातली परिदलं वेगळी मोजा, नराचा आकडा तिथे डकवू नका.

४. किंजपुट कापा

हाच खरा टप्पा, आणि नेमका हाच बहुतेक जण गाळतात. आधी घरी सराव करा. नर्सरीत मिळणाऱ्या वॅक्स बेगोनियाचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतले, पण त्याचंही मादीफूल तीन पंखांचंच. त्यावर हात बसला की मगच घाटात ब्लेड काढा.

मादीफूल कोमेजायला लागलेलं असेल तर उत्तम, कारण तेव्हा किंजपुट भरलेलं असतं. पातं पाण्यात बुडवा आणि किंजपुटाच्या बरोबर मधोमध आडवा छेद एका झटक्यात घ्या. करवतीसारखं पुढे-मागे केलंत तर आतलं सगळं चिरडतं. कापलेला काप नखावर ठेवून भिंगाखाली धरा. सहसा तीन कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्याच्या आतल्या कोपऱ्यातून बीजकाधानी बाहेर येते, म्हणजे बारीक बारीक बीजकं (पुढे ज्यांच्या बिया होतात) जिच्यावर चिकटलेली असतात तो मांसल भाग. ती एकच अखंड पट्टी आहे की दुभंगून दोन फांद्या झाल्या आहेत? कप्प्यांची संख्या आणि बीजकाधानीचा हा प्रकार, यांवर बेगोनियाच्या वर्गीकरणाचा मोठा भार आहे. याचा फोटो बऱ्याचदा धूसर येतो, म्हणून तिथेच चित्रही काढा. चित्रकला चांगली नसली तरी चालेल.

मग पंख मोजा. तिन्ही सारखे की एक लांब? फळावर लव आहे का? असेल तर बेगोनिया ट्रायकोकार्पाची शक्यता तपासा. कोकणच्या बाजूची ही जात वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी १८५१ मध्ये नोंदवली, आणि तिच्या नावातच केसाळ फळ आहे.

कापायला एकच फळ पुरतं, कंद उपटायचं काहीच कारण नाही. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय तेवढंही तोडू नका, तिथे पाठीमागून घेतलेल्या फोटोवर भागवा.

५. नाव लावा

आता पुस्तक उघडा. आधी उघडलंत तर चित्राशी जुळणारीच लक्षणं डोळ्यांना दिसायला लागतात. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा वर्णनग्रंथ, १९०१ ते १९०८ मध्ये निघाला आणि तो अजूनही कामाचा आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे महाराष्ट्रावरचे खंड सोबत ठेवा. कंदापासून येणारं बुटकं झाड, मोजकी पानं, पानाच्या कडेला बोथट गोलसर दाते, चार परिदलांचं नरफूल, एवढं जुळलं तर क्रेनाटाकडे वळा आणि किंजपुटाच्या नोंदीने खात्री करा. पूर्ण नाव लिहिताना पुढे ड्रायअँडर यांचं नाव येतं. जोसेफ बँक्स यांच्या ग्रंथालयाचं काम पाहणाऱ्या या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये ही जात प्रसिद्ध केली.

६. वर्गीकरणाची शिडी

जातीच्या वर बेगोनिया हा वंश. हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्लुमिए यांनी मिशेल बेगाँ या फ्रेंच अधिकाऱ्यावरून दिलं आणि आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनीअसने १७५३ मध्ये कायम केलं. त्यावर बेगोनियेसी हे कुल. त्यात दोनच वंश आहेत: एकीकडे हा अवाढव्य बेगोनिया, दुसरीकडे हवाई बेटांवरचा हिलेब्रँडिया, एकाच जातीचा. त्याहून वर कुकर्बिटेलिस हा गण, म्हणजे काकडी-दुधीचा. वेगळी नर-मादी फुलं आणि फुलाखाली बसलेलं किंजपुट आठवलं की हे नातं फारसं चकित करत नाही.

वंश आणि जाती यांच्या मधली पायरी म्हणजे विभाग, आणि भांडणं आहेत ती इथेच. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लॉट्श यांनी १८५० च्या दशकात बेगोनियाचे ४१ वेगळे वंश पाडले. ते टिकले नाहीत, सगळे पुन्हा एकत्र आले. २०१८ च्या मांडणीत डीएनएचा आधार घेऊन ७० विभाग केले आहेत. माझं मत विचाराल तर हौशी माणसाने विभागाचा हट्ट धरू नये. जात नीट ओळखली तर विभाग यादीतून सापडतो.

७. नोंद ठेवा

पाच गोष्टींचे फोटो हवेत: जागेसकट पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, नर समोरून, मादी मागून, आणि कापलेलं किंजपुट. तारीख, गाव, अंदाजे उंची, खडक की माती, हे त्याच दिवशी लिहा. परवानगी घेऊन नमुना वाळवणार असाल तर दोन-तीन फुलं आणि एक फळ ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत वेगळं ठेवा, कारण दाबल्यावर परिदलं गळतात आणि छेद घेण्यासारखं काही उरत नाही. रसाळ खोड लवकर वाळत नाही आणि बुरशी धरतं, म्हणून टीपकागद रोज बदला. तयार नमुना पडताळायला मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह) आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे.

जमलं तर सप्टेंबरअखेर त्याच भिंतीकडे एकदा परत जा. तोवर बोंडं वाळलेली असतात आणि पंखांचा अंतिम आकार तेव्हाच कळतो. खाली पांढरा कागद धरून बोंडावर हलकी टिचकी मारा. जी भुकटी पडते त्या बिया आहेत. त्या मोजत बसू नका, पाकिटावर नमुन्याचा क्रमांक घालून ते बंद करा.