सशाचं पहिलं रक्त

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोली, तिथून रिक्षाने महापे. एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं मी सशांमध्ये अँटिबॉडी तयार करतेय. नवीन मुलं आल्या आल्या विचारतात, ‘मॅडम, इंजेक्शन कधी?’

आधी प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. त्याआधी ससा मागवायचाही नाही. न्यूझीलंड व्हाइट जातीचा, अडीच-तीन किलोचा घ्या आणि आठवडाभर रुळू द्या. उचलताना मागच्या पायांना आधार हवाच. जोरात लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडतो.

मग कानाच्या शिरेतून पाच मिली रक्त काढा. हेच प्री-इम्यून, म्हणजे डोसआधीचं, तुलनेसाठी ठेवायचं रक्त. पहिल्या वर्षी मी घाईत ते सोडलं. तीन महिन्यांनी ब्लॉटवर (अँटिबॉडी प्रथिनाला चिकटते का, हे दाखवणाऱ्या पटलावर) छान पट्टी उमटली, पण ती आमच्या प्रथिनामुळे की सशात आधीपासूनच असलेल्या अँटिबॉडीमुळे, हे सांगायला हातात काहीच नव्हतं. नवा ससा, पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या डोसला ज्याविरुद्ध अँटिबॉडी हवी ते प्रथिन, साधारण 200 मायक्रोग्रॅम, आणि त्याच्या द्रावणाएवढ्याच आकारमानाचं कम्प्लीट फ्रॉइंड्स अॅडज्युवंट, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणारं तेलकट मिश्रण. लॉक होणाऱ्या दोन सिरिंज जोडून इकडून तिकडे ढकलत राहा, हात भरून येईपर्यंत. थेंब पाण्यावर टाकून बघा: गोळी तशीच राहिली तर जमलं, पसरली तर अजून घुसळा. चष्मा घाला आणि सुई सांभाळा. यात मेलेले क्षयजंतू असतात, बोटात गेलं तर गाठ महिनोन् महिने दुखते. पाठीवर त्वचेखाली चार-पाच जागी द्या, एका जागी 0.1 मिलीच्या वर नाही. कम्प्लीट एकदाच. पुन्हा दिलंत तर गळवं होतात, आणि ती सोसायची सशाला.

पुढचे बूस्टर इनकम्प्लीटमध्ये, म्हणजे क्षयजंतू नसलेल्या अॅडज्युवंटमध्ये, तीन-चार आठवड्यांनी. दुसऱ्या बूस्टरनंतर दहाव्या ते चौदाव्या दिवशी रक्त घ्या. तीन किलोच्या सशात जेमतेम 165 मिली रक्त असतं, म्हणून एका वेळी पंधरापुरतंच. नळी तासभर बाहेर, रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवा. गुठळीवर उरलेला द्रव, म्हणजे सिरम, पिवळसर हवं. गुलाबी दिसलं तर रक्तपेशी फुटल्यात. टायटर, म्हणजे अँटिबॉडी किती आहे ते, एलायझा चाचणीने बघा, प्री-इम्यून शेजारी ठेवूनच.

सिरम छोट्या नळ्यांत वाटून उणे 20 ला ठेवा. नावं पेन्सिलने, चिकटपट्टीवर. मार्करने लिहिलेलं ‘प्री’ अल्कोहोलच्या एका पुसण्यात जातं.