साहेबाच्या देशातली कपात आणि चिंचोळीतलं शेड्यूल

डिप्लोमा किंवा बीई मेकॅनिकल करून चिंचोळी एमआयडीसीत, अक्कलकोट रोडला नाहीतर थेट चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. मी सोलापुरातच, क्वालिटी विभागात वाढलो. २००८-०९ ची मंदी शिकाऊ म्हणून बघितली, २०१९-२० ची हाताखाली माणसं असताना. दोन्ही वेळा एक गोष्ट सारखीच होती. परदेशी गाडीवाल्याच्या कपातीची बातमी पेपरात छापून येते तेव्हा ती आपल्या शॉपमध्ये कधीच येऊन गेलेली असते. ती आधी शेड्यूलच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला कोणत्या महिन्यात किती नग हवेत त्या कागदावर येते, आणि तो कागद वाचायला कॉलेजात कुणी शिकवत नाही.

महागड्या गाडीची खरेदी पुढं ढकलता येते, इथून सगळं सुरू होतं. ज्याच्याकडं दोन गाड्या आहेत तो मंदीत तिसरी घेत नाही, आणि जी घेतली जाते ती बहुतेक कर्जावर किंवा लीजवर. बँकांनी हात आखडले की पहिला फटका तिथंच. टाटा मोटर्सनं जून २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर घेतली, २३० कोटी डॉलरला. त्याच सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली. डिसेंबरात अ‍ॅस्टन मार्टिननं ६०० माणसं कमी करायचं जाहीर केलं, म्हणजे जवळपास तिघांत एक. दहा वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, जग्वार लँड रोव्हरनं ४,५०० नोकऱ्या कमी करणार म्हणून सांगितलं. चीनमधली विक्री घसरली होती, डिझेल गाड्यांवरून गिऱ्हाईक उठलं होतं, ब्रेक्झिटचा घोळ होता. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या तिमाहीत टाटा मोटर्सनं २६,९६१ कोटींचा तोटा दाखवला. त्यातला मोठा भाग जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचं मूल्य कमी धरल्यामुळं, म्हणजे पुस्तकी होता. पण असला आकडा पेपरात आला की पुरवठादाराच्या ऑफिसात कुणी ‘पुस्तकी आहे’ म्हणून निवांत बसत नाही.

आता तिकडची घसरण इकडं येताना मोठी का होते, ते बघा. समजा तिकडचा कारखाना महिन्याला तुमचे १,००० नग वापरतो आणि दोन महिन्यांचा साठा ठेवतो, म्हणजे २,०००. माल न्हावा शेव्याहून बोटीनं जायला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून एवढा साठा ठेवावाच लागतो. विक्री पडली आणि वापर ८०० वर आला. आता त्यांना दोन महिन्यांचा साठा १,६०० पुरतो. हातात ४०० जादा आहेत. मग त्या महिन्याची मागणी किती? ८०० वजा ४००, म्हणजे ४००. तिकडं वीस टक्के पडलं, तुमच्याकडं साठ टक्के. मधे टियर वन कंपनी (गाडीवाल्याला थेट माल देणारी) असेल तर तीही आपला साठा असाच उतरवते आणि फटका आणखी वाढतो. नव्या पोराला वाटतं, आपलाच माल नापास झाला का? तसं काही नसतं, हा निव्वळ साठ्याचा हिशोब असतो. साठा उतरला की मागणी पुन्हा ८०० च्या आसपास येते. तोवर तुमची कंपनी तग धरते का, आणि कुणाला घेऊन धरते, एवढाच प्रश्न.

म्हणून शेड्यूल बघा. बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांचं येतं. पहिला महिना पक्का, पुढचे दोन अंदाजाचे. मार्केटिंगवाला आपल्या संगणकावर फक्त ताजी शीट उघडून बसतो, जुनी पुसून टाकतो. तुम्ही जुन्या जपून ठेवा. डिस्पॅचच्या टेबलावर छापलेली प्रत असते, चहाच्या कपाच्या गोल डागाची, पार्ट नंबरांवर पेनानं खाडाखोड केलेली. तिच्यात जून महिन्यात सप्टेंबरसमोर काय आकडा होता आणि जुलैच्या शीटमध्ये त्याच सप्टेंबरसमोर काय आहे, ते शेजारी शेजारी ठेवून बघा. एकदा खाली आला तर सोडून द्या. सलग तीन शीटमध्ये तोच महिना खाली सरकत असेल तर पुढचं ओळखा. मात्र ऑगस्टमधला आणि डिसेंबर अखेरचा खड्डा बघून घाबरू नका, युरोपातल्या कारखान्यांच्या उन्हाळी आणि नाताळच्या सुट्ट्या असतात त्या. दर वर्षी कुणीतरी नवा मुलगा ऑगस्टचा आकडा बघून कॅन्टीनमध्ये अफवा उठवतोच.

शॉपमधल्या खुणा तर सगळ्यांना दिसतात. आधी ओव्हरटाइम बंद, मग रविवारचं काम बंद, मग तिसरी पाळी. इन्सर्ट (कापायच्या हत्याराची बदलायची पाती) आणि ग्राइंडिंग व्हीलच्या मागण्या स्टोअरमध्ये अडकून राहतात. ऑपरेटर मशिनांना रंग द्यायला लागतात. ठेकेदाराच्या माणसांना ‘ब्रेक’ मिळतो. माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची खूण वेगळीच आहे. नव्या पार्टचं काम चालू आहे का? नमुने, पीपीएपीच्या (नव्या पार्टला गिऱ्हाइकाची मंजुरी घ्यायच्या) फायली, गिऱ्हाइकाचे फोन चालू असतील तर हा खड्डा आहे, कंपनी वर येणार. ते थांबलं असेल तर नुसत्या मंदीला दोष देऊन चालणार नाही.

कपात सुरू होते ती कडेपासून. फेब्रुवारी २००९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ऑक्सफर्डजवळच्या काउली कारखान्यात, जिथं मिनी बनते, एजन्सीमार्फत आलेल्या ८५० जणांना पाळी संपता संपता सांगितलं की उद्यापासून येऊ नका. चिडलेल्यांनी साहेबांवर फळं फेकल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. अलीकडचं पोर्शचं घ्या. चीनमध्ये २०२१ साली ९५,६७१ गाड्या गेल्या होत्या, २०२४ साली ५६,८८७. कायम कामगारांना २०३० पर्यंत सक्तीनं न काढण्याची हमी होती, म्हणून आधी मुदतीच्या करारावरच्या लोकांचे करार वाढवले नाहीत. मग २०२५ च्या सुरुवातीला २०२९ पर्यंत आणखी १,९०० जागा कमी करायचं ठरलं, तेही राजीखुशीनं. युनियन तगडी, देश श्रीमंत, तरी क्रम तोच. सोलापुरात वेगळा कसा असेल?

तेव्हा नेमणूकपत्र नीट वाचा. पगाराचा आकडा बघून सही करणारी पोरं मी दर वर्षी बघतो. तुम्ही १९६१ च्या कायद्याखालचे अ‍ॅप्रेंटिस असाल तर विद्यावेतन मिळतं, पण कामगार म्हणून कपातीची भरपाई नाही. ठेकेदाराच्या पगारपत्रकावर असाल तर तुमचा मालक तो ठेकेदार. ‘निश्चित मुदतीची नेमणूक’ असं लिहिलं असेल तर मुदत संपून घरी जाणं याला कायदा कपात मानत नाही. आणि कायम असाल, कामगार या व्याख्येत बसत असाल, सलग वर्षभर काम झालं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार हा तुमचा हक्क आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. संहितेत शिवाय काढलेल्या कामगाराला १५ दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून द्यायची तरतूद आली. मात्र सरकारची आधी परवानगी घेण्याची अट १०० ऐवजी ३०० कामगारांपासून लागू झाली, म्हणजे मधल्या आकाराच्या बऱ्याच कारखान्यांना ती राहिली नाही. पत्रावर ‘इंजिनिअर’ लिहिलं म्हणून तुम्ही आपोआप कामगाराच्या बाहेर पडत नाही. हातात प्रत्यक्ष काय काम आहे, ते बघितलं जातं.

हे सगळं एका कागदानं वाया जातं, तो म्हणजे राजीनामा. मंदीत एकेकाला केबिनमध्ये बोलावतात. आवाज मऊ असतो. “हे बघ, काढून टाकलं असं रेकॉर्डला नको. तूच राजीनामा दे, तुझंच चांगलं होईल.” माझ्या बरोबरच्या दोघांनी तिथल्या तिथं लिहून दिला. एकानं “वडिलांना विचारून उद्या देतो” म्हणून वेळ काढला आणि दुसऱ्या दिवशी हिशोब लेखी मागितला. त्याला नोटिशीचा पगार मिळाला, त्या दोघांना नाही. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त त्या दिवशी सही करू नका.

सुटताना अनुभवाचं पत्र, शेवटच्या महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ घ्या. पीएफच्या खात्यात सोडल्याची तारीख कंपनीनं टाकली नाही तर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर टाकता येते. ईएसआय कापला जात असेल तर अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. अटी बसल्या तर सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. योजना मुदतवाढीवर चालते, त्यामुळं त्या वेळी चालू आहे का ते आधी विचारायचं.

घरचं सांगायलाच नको. या गावानं गिरण्या बंद पडताना बघितल्यात, ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं त्यांना ‘कंपनीत शेड्यूल कमी झालंय’ एवढं वाक्य पुरतं. लगेच ‘एमपीएससीचा फॉर्म भर’ सुरू होतं. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. एवढंच सांगतो की पहिल्या वर्षी बुलेटचा हप्ता अंगावर घेऊ नका.

आता शिकायचं काय. सोलापूरचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, जगभर जातो, १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्सनं ही ओळख केली. पण विजेवरच्या गाडीत कॅमशाफ्टच नसतो. व्हॉल्व्ह नाही, तर ते उघडणार कशाला? म्हणून एका पार्टचे उस्ताद होण्यापेक्षा मोजमापाचे उस्ताद व्हा. मे महिन्यात शॉपमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश. बिडाचा ४०० मिलिमीटरचा शाफ्ट २० अंशांच्या फरकानं जवळजवळ ९० मायक्रॉन वाढतो. ग्राइंडरवरून उतरवलेला गरम शाफ्ट तसाच मशिनवर मोजून ‘रिजेक्ट’चा लाल टॅग लावणारा मुलगा, आणि तो मोजमाप खोलीत आधी थंड होऊ देणारा मुलगा, यात कपातीच्या वेळी फरक पडतो. सीएमएम (तिन्ही दिशांनी मोजणारं मशिन), गोलाई, पृष्ठभागाचा खरखरीतपणा, एसपीसी (मोजमापांच्या आकडेवारीवरून प्रक्रियेवर नजर ठेवणं), गिऱ्हाइकाच्या तक्रारीवर लिहायचा आठ टप्प्यांचा अहवाल, हे इंजिनच्या पार्टला लागतं तसं मोटरच्या शाफ्टलाही लागतं. शेड्यूल पडलेल्या महिन्यांत सीएमएम रिकामं असतं. प्रोग्रॅम लिहायला शिकायची तीच वेळ, एरवी कुणी हात लावू देत नाही.

चाकण-भोसरीच्या मुलाखतीत ‘का सोडली?’ विचारलं तर घरच्या अडचणी सांगू नका. ‘निर्यातीचं शेड्यूल निम्म्याखाली आलं, माझी मुदतीची नेमणूक होती, वाढवली नाही,’ असं सरळ सांगा. समोरच्यानंही तेच शेड्यूल बघितलेलं असतं. मग तो ड्रॉइंग पुढं सरकवतो आणि विचारतो, हा रनआउट (फिरताना शाफ्ट किती हलतो ते) कुठून धरून मोजशील?